चोकमध्ये अडकलेलं हळकुंड

नवनगरमध्ये सत्याप्पांच्या दुकानाचा पत्ता कुणालाही विचारा, सांगणारा सांगता सांगता हसणार. हसण्याचं कारण म्हणजे चोक. गवत कापायचं मशीन ज्यांनी ज्यांनी सत्याप्पांकडून दुरुस्त करून घेतलं, त्यांतला एकही जण चोकवरचं व्याख्यान ऐकल्याशिवाय सुटलेला नाही. बँकेतले साहेब असोत, डॉक्टरीणबाई असोत, नाहीतर एखाद्या बंगल्याचा माळी असो. मशीन ताब्यात देण्याआधी सत्याप्पा त्यांना समोर उभं करणार, एअर फिल्टरचं झाकण काढणार आणि आतली रुपयाएवढी चोकची चकती बोटाने उघडमीट करून दाखवणार.

"हे बघा, हे इंजिनाचं नाक. सकाळी इंजिन गार असतं. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, ते आतल्या अंगाला चिकटून बसतं. मग ठिणगी पडून पेटायचं काय? म्हणून ही दांडी ओढायची. चकती मिटली, हवेची वाट अडली, की इंजिन पेट्रोल जास्त ओढतंय. त्यातलं थोडं तरी पेटतंय. आवाज फुटला, जरा तापलं, की दांडी हळूहळू मागं ढकलायची. चकती सगळी उघडली पाहिजे. नाहीतर काय होतंय? हवा कमी, पेट्रोल जास्त. काळा धूर, प्लग काळा, पेट्रोल खाली उतरून ऑइल पातळ, आणि एक दिवस इंजिन बाराच्या भावात!"

हे ते इतक्या मनापासून सांगत, की ऐकणाऱ्याला मध्येच घड्याळ बघायची लाज वाटायची. धारवाडजवळच्या बेलूरच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं त्यांनी इंजिनं चालवून तपासण्याचं काम केलं. डावा कान त्यात कामातून गेला, तरी उजव्या कानाने ते रस्त्यावरून जाणाऱ्या स्कूटरचा आजार सांगत. कारखान्यातून सुटल्यावर नवनगरात पत्र्याच्या शेडमध्ये दुकान टाकलं. त्यांची बायको मालती म्हणायची, आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती आणि या माणसाचं लक्ष मांडवामागच्या जनरेटरकडं.

माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्यांचा राग येणार आहे.

हायवेच्या अलीकडे एक मोठं मंगल कार्यालय आहे. पुढे दीड एकर लॉन, त्यावर रिसेप्शनं होतात. तिथलं मशीन सत्याप्पांकडे यायचं. कार्यालयाचे मॅनेजर बाळाचार्य, त्यांना सगळे 'आचार' म्हणतात. आणि लॉनवर काम करणारी कृष्णाबाई.

कृष्णाबाई अमरगोळची. उमेदीची वीस वर्षं तिने तिथल्या मार्केट यार्डात शेंगा आणि मिरच्या निवडण्यात घालवली. दिवसभर उकिडवं बसून दोन्ही गुडघ्यांची पार वाट लागली. डॉक्टरने सांगितलं, बाई, खाली बसायचं काम आता बंद. ती लॉनवर आली तेव्हा तिला वाटलं झाडांना पाणी घालायचं असेल. हातात मिळालं खुरपं. पुन्हा बसणं आलंच. मशीन चालवणारा माणूस मधूनच काम सोडून गेला, त्या दिवशी तिने धीर करून आचारांना विचारलं, "मी चालवू काय?" आचार हसले. पण दुसऱ्या दिवशी लग्न होतं आणि गवत घोट्यापर्यंत आलं होतं. त्यांनी सत्याप्पांना बोलावून घेतलं आणि म्हणाले, बघा हिला जमतंय का.

सत्याप्पांनी व्याख्यान दिलं. कृष्णाबाईने ते मान खाली घालून ऐकलं, मग दांडी ओढली, दोरीला दोन हिसके दिले. इंजिन खोकत सुरू झालं. तिने दांडीवर हात ठेवला, पण ढकलली नाही, ऐकत राहिली. खोकला जरा कमी झाल्यावर थोडी ढकलली, परत थांबली, परत ऐकलं, मग पूर्ण ढकलली. सत्याप्पा बघतच राहिले. कारखान्यात त्यांच्या हाताखालून पन्नास पोरं शिकून गेली असतील, पण असं ऐकणारी तीन-चारच होती.

"अक्का, तुला कान आहे," ते म्हणाले.

त्या दिवसापासून दोन वर्षं कृष्णाबाई मशीन चालवत होती. उभ्याने काम. गुडघे दुखायचे, पण सकाळी उठून चालता यायचं. अमरगोळच्या बसमधून उतरली की ती सरळ शेडकडे जायची. तिची मुलगी सरिता धारवाडला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती मैत्रिणींना सांगायची, माझी आई मशीन ऑपरेटर आहे. एवढ्याशा गोष्टीने घरात केवढा फरक पडतो, ते ज्याच्या घरात पडतो त्यालाच कळतं.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारापात्यांची पूजा करतात, सायकलपासून लॉरीपर्यंत सगळं धुऊन पुसून हार घालतात. पण आचारांच्या कार्यालयाची आणखी एक रीत होती. लग्नाचं ठिकाण, त्यामुळे हळकुंड बांधलेली कंकणं कपाटात कायम तयार. आचार म्हणायचे, नवरा-नवरीला कंकण बांधतो, मग लग्न पार पाडणाऱ्या यंत्रांनी काय पाप केलं? म्हणून मिक्सर, जनरेटर, पाण्याची मोटर, गवताचं मशीन, सगळ्यांना कंकण. आणि ते तुळशीचं लग्न लागेपर्यंत सोडायचं नाही. कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

गेल्या खंडेनवमीला सत्याप्पा सर्व्हिसिंगसाठी तिथेच होते. कृष्णाबाईने मशीन लख्ख धुऊन ठेवलं होतं आणि पूजा सुरू झाल्यावर ती जरा बाजूला, नळापाशी उभी होती. ती बौद्ध. आरतीच्या वेळी ती नेहमी तिथेच उभी राहायची. तिला कुणी बोलवत नसे आणि तीही येत नसे. आचारांनी कंकण सत्याप्पांच्या हातात दिलं. "तुम्हीच बांधा. तुमच्या हातचं यंत्र आहे."

सत्याप्पांची छाती फुगली. दोरा तोकडा होता, हँडलला पुरेना. त्यांनी तो फिल्टरच्या मानेभोवती घेतला, चोकच्या दांडीवरून एक वेढा दिला आणि घट्ट गाठ मारली. हळकुंड लोंबत राहिलं तर गरम सायलेन्सरवर पडून जळेल, आचारांना वाईट वाटेल, म्हणून त्यांनी ते नीट दांडीच्या मागच्या फटीत खोचलं. मग दोन पावलं मागे जाऊन हात जोडले. इतक्या काळजीने त्यांनी ते केलं होतं.

दसऱ्यानंतर दहा-बारा दिवसांनी आचारांचा फोन आला. मशीन काळा धूर सोडतंय, पेट्रोल भयंकर पितंय, ताकद नाही. सत्याप्पांच्या दुकानात तेव्हा दिवाळीच्या आधीची गर्दी, शेडबाहेर मशीनांची रांग. त्यांनी खांद्याने फोन कानाशी धरूनच निदान केलं.

"काळा धूर? चोक ओढलेला ठेवून चालवत असणार हो. अक्काला सांगा, दांडी पूर्ण ढकल म्हणावं."

फोन ठेवताना त्यांना क्षणभर वाटलं, कृष्णाबाई आणि चोक विसरणार? पण समोर गिऱ्हाईक उभं होतं, आणि विचार तिथेच राहिला.

दिवाळी झाली आणि मशीन बंदच पडलं. टेम्पोत घालून दुकानात आलं. दुपारची वेळ, मालती डबा ठेवून नुकतीच गेली होती. सत्याप्पांनी ऑइलची काडी काढली. ऑइल पाण्यासारखं पातळ, पेट्रोलचा वास मारणारं. प्लग काढला, काजळी. हे सगळं चोकचंच काम. त्यांनी मान हलवली आणि फिल्टरचं झाकण उघडलं. चकती अर्धी मिटलेली होती. दांडी ढकलली, तर ती मध्येच अडली. जोर लावला, तरी तिथेच.

मग त्यांनी वाकून बघितलं. दांडीच्या मागच्या फटीत हळकुंड पाचर मारल्यासारखं बसलं होतं. दोरा पावसाच्या पाण्याने भिजून आणि वाळून आवळला होता. गाठ त्यांचीच होती. कारखान्यात वायरींच्या जुडीला मारायचे तीच दुहेरी गाठ.

सत्याप्पा स्टुलावर बसले. चोकवर दहा वर्षं व्याख्यानं झोडणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने चोक बांधून ठेवला होता, आणि वर हात जोडले होते. ही गोष्ट बाहेर फुटली असती तर नवनगर ते धारवाड लोक पोट धरून हसले असते. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. पक्कड घेतली, दोरा कट्कन तोडला, हळकुंड उपसून शर्टाच्या खिशात टाकलं. दांडी आता लोण्यासारखी सरकू लागली.

संध्याकाळी आचार स्वतः आले. "यान्री, काय हो सत्याप्पा, काय निघालं?"

हीच ती वेळ होती. सत्याप्पा नंतर मनात या वेळेकडे किती वेळा परत गेले, त्याला गणती नाही. तोंड उघडून 'माझ्या हातून झालं' एवढं म्हणायचं होतं. ते म्हणाले, "पिस्टनच्या रिंगा गेल्यात. चोक ओढलेला ठेवूनच चालवलंय."

"मी म्हणतच होतो!" आचारांनी मांडीवर थाप मारली. "सांगून सांगून दमलो. बायकांच्या हातात मशीन दिलं की असंच होणार. तुम्ही पण तिला डोक्यावर चढवून ठेवलीत, कान आहे म्हणे."

सत्याप्पा पुढ्यातला नट उगीचच पुसत बसले.

सामान बेंगळूरहून यायला आठ दिवस लागले. मशीन नीट करून सत्याप्पा ते घेऊन गेले, तेव्हा हँडल धरायला पिंटू पुढे आला. हा पिंटू वाढप्यांचा मुकादम, पस्तिशीचा, सारखा फोनवर. सत्याप्पांनी विचारलं, "अक्का कुठाय?" पिंटूने हनुवटीने कुंपणाकडे दाखवलं.

कुंपणाच्या कडेला, जिथे मशीन पोहोचत नाही, तिथे कृष्णाबाई बसली होती. उकिडवं बसता येत नव्हतं म्हणून एक पाय सरळ पसरलेला, दुसरा कसाबसा दुमडलेला. खुरप्याने हातभर जागा साफ झाली की दोन्ही हात जमिनीला टेकून ती पुढे सरकायची. सरकताना ओठ घट्ट मिटायची. सत्याप्पांनी पिंटूला चोक दाखवला, पण व्याख्यान दिलं नाही. ते निघाले तेव्हा तिने मान वर केली.

"अण्णा, झालं काय मशीन बरं?"

"झालं."

"रिंगा बदलल्या म्हणालेत आचार."

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली आणि पुन्हा खुरपं चालवू लागली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सत्याप्पांना स्कूटर चालू करताना वाटलं.

त्यानंतर त्यांचं कशातच मन लागेना. गिऱ्हाईक मशीन न्यायला आलं की ते नुसतंच मशीन पुढे ढकलायचे. "अहो, चोकचं नाही सांगितलंत!" असं कुणी चेष्टेने म्हणालं, तर "पुस्तकात लिहिलंय, वाचा" म्हणून तोडून टाकायचे. जेवताना भाकरी हातात राहायची. कार्यालयाकडचा रस्ता टाळून ते मोठा वळसा घालून जाऊ लागले, आणि वळसा घालतानाही तिचं ते सरकणं डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

एके दिवशी मालतीने धुवायचा शर्ट त्यांच्यापुढे धरला. खिशाला पिवळा डाग. "हे तिसऱ्यांदा. धुवायला काढताना हळकुंड खिशातनं काढता आणि धुतल्यावर परत ठेवता. काय नवस बोललाय काय?"

सत्याप्पांनी आधी टोलवाटोलवी केली. मग सगळं सांगितलं. मालती ऐकत होती तोवर तिच्या चेहऱ्यावरची चेष्टा उतरत गेली.

"मग आचारांना सांगितलं नाहीत?"

"कसं सांगू? हसतील."

"हसू देत की. हसण्यानं काय अंगाला भोकं पडत्यात? ती बाई तिकडं गुडघ्यावर फरफटत्येय आणि तुम्हाला हसण्याची पडलीय." मालतीने शर्ट बादलीत आपटला. "मला वाटायचं माझा नवरा तोंडाळ आहे खरं, पण मनानं साफ आहे. आता तोंडही मिटलं आणि मनही गेलं."

हे बोलणं वर्मी लागलं. पण माणूस वर्मी लागल्यावरही आधी पळवाट शोधतो. सत्याप्पांनी अशी पळवाट काढली, की खरं न सांगता कृष्णाबाईला मशीन परत मिळावं. ते आचारांना भेटले. म्हणाले, पिंटू मशीनची वाट लावतोय, कान नाही त्याला. अक्काला परत द्या. मी पुन्हा नीट शिकवतो, माझी जबाबदारी.

आचार फार खूश झाले. पिंटूवर तेही वैतागले होतेच. "शिकवा. पण आमच्या सगळ्यांसमोर शिकवा. म्हणजे परत तिनं 'मला माहीत नव्हतं' म्हणायला नको."

सत्याप्पांना वाटलं, चला, सुटलो.

डिसेंबरच्या अखेरीस, सकाळी नऊला, लॉनवर मशीन आणून ठेवलं. आचार खुर्ची टाकून बसले. झाडणाऱ्या बायका, डेकोरेशनची माणसं आणि पिंटू भोवती उभे राहिले. कृष्णाबाई कुंपणाकडून आली. येताना उजवा पाय वाकत नव्हता, बाजूने फिरवून टाकत होती. दोन महिन्यांपूर्वी तो वाकत होता.

"हं, करा सुरू," आचार म्हणाले.

सत्याप्पांनी झाकण काढलं. चकतीवर बोट ठेवलं. "हे... हे इंजिनाचं नाक," ते म्हणाले आणि अडखळले. पुढचं वाक्य येईना. दहा वर्षं तोंडपाठ असलेलं.

"गार इंजिनात पेट्रोलची वाफ होत न्हाई," कृष्णाबाई हळू आवाजात म्हणाली. "म्हणून दांडी ओढून हवा कमी करायची. आवाज फुटला, तापलं, की हळूहळू ढकलायची. चकती सगळी उघडली पाहिजे."

बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. आचार म्हणाले, "तोंडानं येतंय. हातानं करून दाखव."

कृष्णाबाईने पदर खोचला. दांडी ओढली. दोरीला एक हिसका दिला, दुसऱ्याला इंजिन धरलं. ती दांडीवर हात ठेवून उभी राहिली, मान किंचित कलती, आणि खोकला निवळेल तशी दांडी ढकलत गेली. शेवटी दांडी टोकाला जाऊन टेकली, तेव्हा तिने हात काढला नाही. बोटाने परत एकदा दाबून बघितलं, खरंच शेवटपर्यंत गेली का. इंजिन एका लयीत चालू लागलं. धुराचा मागमूस नव्हता.

आचारांनी टाळी वाजवली. "बघा! शिकवलं की येतंय! हे आधीच ध्यान देऊन केलं असतं तर एवढं नुकसान झालं असतं काय?"

कृष्णाबाईने मान हलवली. हो म्हणून. सगळ्यांसमोर तिने न केलेली चूक कबूल केली, आणि ती कबुली तिच्याकडून सत्याप्पांनी करवून घेतली होती, उपकार करतोय असं समजून.

सत्याप्पांनी हात लांब करून इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं.

"आचार, हिची चूक नव्हती," ते म्हणाले. "चोक मी बांधला. खंडेनवमीला कंकण बांधलं ते दांडीवरनं बांधलं, आणि हळकुंड फटीत खोचलं. दांडी अर्ध्यातच अडकली. हिनं किती ढकलली असती तरी जाणार नव्हती. मशीन दुकानात आलं तेव्हाच मला दिसलं. दोरा मी तोडला. आणि तुम्हाला खोटं सांगितलं." त्यांनी खिशातलं हळकुंड काढून मशीनवर ठेवलं. "हे बघा. माझ्यामुळं झालं. हिला दोन महिने नाहक बोलणी बसली."

त्यांनी डोळे मिटून घेतल्यासारखं केलं. आता हसणं ऐकू येईल, आचार ओरडतील, उद्यापासून गिऱ्हाईकं तुटतील. दोन महिने ज्याला भ्याले ते आता येणार होतं.

आचारांनी हळकुंडाकडे पाहिलं, सत्याप्पांकडे पाहिलं. मग कृष्णाबाईकडे बघायचं टाळून म्हणाले, "हां, म्हणजे असं झालं होय." ते जरा गडबडले. "ही म्हणाली होती मला. दांडी शेवटपर्यंत जात न्हाई, कंकण आडवं येतंय म्हणून. मी म्हटलं, कंकणाला हात लावायचा नाही."

सत्याप्पा कृष्णाबाईकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"दुसऱ्याच दिवशी दिसलं की," ती म्हणाली. "आवाजावरनं कळलं, मग वाकून बघितलं. हातात विळा होता. एका झटक्याचं काम."

"मग तोडलं का नाहीस, अक्का?"

"मी तोडलं असतं, तर मशीन वाचलं असतं अण्णा. पण बाईनं पूजेचं कंकण तोडलं म्हणून बोभाटा झाला असता. आणि आम्ही कोण, ते काय सांगायला पाहिजे काय कुणाला? मशीन गेलं तर खुरपं मिळतंय. तसलं काही झालं असतं तर खुरपं पण न्हाई." हे ती चिडून बोलत नव्हती. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. "तुम्ही तोडलात. तुम्हाला विचारलं काय कुणी?"

आचार खुर्चीतून उठले आणि सत्याप्पांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बिडरी, सोडा आता. चुकून होतंय, माणूस आहे. भक्तीनंच केलंत ना? एवढं मनाला लावून घ्यायचं नाही." त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली. "सत्याप्पांना चहा आणा रे!"

चहा आला. डेकोरेशनवाले आपल्या कामाला गेले. एकाने जाता जाता हसून म्हटलंही, "काय मामा, चोकवाल्यानंच चोक बांधला!" आणि सत्याप्पांना जाणवलं, ज्या हसण्याला ते दोन महिने भ्याले, ते एवढंच होतं. एक वाक्य, तेही प्रेमाने टाकलेलं. आचारांनी कृष्णाबाईला सांगितलं, "उद्यापासून मशीन तूच घे," आणि ते फोनवर बोलत आत गेले. 'चुकलं आमचं' असं तिला कुणीही म्हणालं नाही.

सत्याप्पा तिच्याजवळ गेले. "अक्का, मला माफ कर."

कृष्णाबाईने मशीनवरचं हळकुंड उचलून त्यांच्या हातात दिलं. मग आचार गेले त्या दाराकडे, चहाच्या कपाकडे आणि आपल्या न वाकणाऱ्या पायाकडे एकदा पाहिलं.

"एवढंच होतं काय, अण्णा?" ती म्हणाली. तिला खरोखरच नवल वाटत होतं. "मग एवढ्याला दोन महिने कशाला लावलेत?"

सत्याप्पांच्या हातात कप होता, चहा निवत होता. त्यांनी तो पिऊन टाकला.